उसन्या फौजेचा सेनापती : ‘सेकिगाहारा’ या पटावरील खेळाचे परीक्षण

इशिदा मित्सुनारीची जहागीर १ लाख ९४ हजार कोकुंची होती आणि ज्याच्याविरुद्ध त्याने इ. स. १६०० मध्ये निम्मे जपान उभे केले, त्या तोकुगावा इएयासुची सुमारे २५ लाख कोकुंची. कोकु हे तांदळाचे माप आहे. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ म्हणजे ढोबळमानाने एक कोकु, आणि कोणत्या सरदाराने किती माणसे घेऊन लढाईला यायचे तेही याच मापावरून ठरत असे. म्हणजे मित्सुनारीच्या बाजूने मैदानात जे सैन्य उतरले त्यातले फार थोडे त्याचे स्वतःचे होते. बाकीचे सगळे उसने. उसन्या फौजेचा सेनापती होणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्याने आपल्या रचनेच्या मध्यभागी ठेवला आहे, त्या ‘सेकिगाहारा : द युनिफिकेशन ऑफ जपान’ या दोन भिडूंच्या पटावरील खेळाविषयी मला लिहायचे आहे. मॅट कॅल्किन्स यांनी रचलेला हा खेळ जीएमटी गेम्स या अमेरिकी कंपनीने २०११ साली प्रथम बाजारात आणला. गेल्या दीड वर्षात मी तो माझ्या मेहुण्याबरोबर सतरा वेळा खेळलो. त्यांतल्या अकरा डावांत मी मित्सुनारीच्या बाजूला बसलो आणि चार जिंकलो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात थोडी हरलेल्याची कुरकुर मिसळलेली असेल, हे आधीच मान्य करतो.

डब्यातल्या वस्तूंविषयी फार बोलण्याची गरज नाही. मी खेळ परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला. डब्याचा एक कोपरा चेपून आला आणि आयात शुल्काचा आकडा पाहून घरात दोन दिवस अबोला झाला, पण आतले सामान सुखरूप होते. लाकडी ठोकळे दोन रंगांचे आहेत, इशिदांचे सोनेरी आणि तोकुगावांचे काळे. त्यांवरील घराण्यांची चिन्हे आपली आपण चिकटवावी लागतात. हे काम एका माणसाची पूर्ण संध्याकाळ खाते आणि घाईने केले तर तिरके बसलेले चिन्ह पुढे प्रत्येक डावात डोळ्यांत खुपते. ठोकळे आडवे ठेवून एकावर एक रचायचे असतात, त्यामुळे मोठी फौज पटावर खरोखरच एखाद्या बुरुजासारखी दिसते. चिन्हाची बाजू मालकाकडे असते; समोरच्याला फक्त उंची दिसते. नकाशा ओसाका आणि क्योतोपासून पूर्वेला एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत, आणि उत्तरेला आइझुपर्यंत पसरलेला आहे, आणि किनाऱ्याने जाणारा तोकाइदो व डोंगरांतून जाणारा नाकासेंदो हे दोन राजमार्ग त्यावर ठळक आखलेले आहेत. ठोकळे हातात घेतल्यावर जो जडपणा जाणवतो तो मला अतिशय आवडला.

खरी चर्चा करायची ती नियमांची. या खेळात फासे नाहीत. जे काही घडते ते पत्त्यांच्या जोरावर, आणि पत्ता म्हणजे येथे सरदाराची मर्जी. पत्त्यांवर घराण्यांची चिन्हे छापलेली आहेत. दोन फौजा एका ठिकाणी आल्या की भिडू आळीपाळीने आपल्या फौजेतला एकेक ठोकळा उघडून लढाईत उतरवतो. पण उकितांचा ठोकळा उतरवायचा तर हातात उकितांचा पत्ता असावा लागतो, आणि मोरींचा उतरवायचा तर मोरींचा. पत्ता नसेल तर तो ठोकळा तुमच्या फौजेत असूनही नसल्यासारखाच. तो रांगेत उभा राहतो, भाले घेऊन, निशाणे फडकावत, आणि लढत नाही. एकाच घराण्याचे ठोकळे पाठोपाठ उतरले तर त्यांचा जोर वाढत जातो, बंदूकधारी आणि घोडेस्वार विशेष पत्त्यांवर अधिक मारा करतात, माऱ्याच्या दर सात गुणांमागे समोरचा एक ठोकळा पटावरून उठतो आणि हरणाऱ्याचा आणखी एक जातो. हिशेब एवढा सोपा आहे की दुसऱ्या डावापासून नियमांचे पुस्तक उघडावे लागत नाही.

पत्त्यांच्या व्यवहारातला एक बारकावा मला सहाव्या-सातव्या डावात उमगला. लढाईत टाकलेले पत्ते लढाई संपताच गड्डीतून परत भरून मिळतात, पण कूच करण्यासाठी टाकलेले पत्ते भरून मिळत नाहीत. जितक्या जास्त फौजा एका वेळी हलवायच्या तितके पत्ते खर्ची घालायचे. म्हणजे लढणे फुकट आणि चालणे महाग. पहिल्यांदा हे उलटे वाटते. परंतु त्या काळच्या जपानी सरदाराचा विचार केला की त्यातली चतुराई ध्यानात येते, कारण लढाईत शत्रूची डोकी मिळत, डोक्यांवर इनामे मिळत, आणि इनामांतून जहागिरी वाढत. उलट पावसात दुसऱ्याच्या हुकमावरून वीस कोस चालण्यात कोणाचाही काडीचा फायदा नव्हता. माणसे लढायला तयार असत, ताटकळायला नसत.

आता त्या एका पत्त्याविषयी, ज्यासाठी हा खेळ विकत घ्यावा असे मी म्हणेन. दोन्ही बाजूंच्या गड्डीत निष्ठेला आव्हान देणारे काही पत्ते आहेत. समोरच्याने एखादा ठोकळा लढाईत उतरवला की तुम्ही हा पत्ता टाकून विचारता, हा तुझा आहे याची खात्री काय? त्याला त्याच घराण्याचा आणखी एक पत्ता हातातून दाखवावा लागतो. दाखवता आला तर प्रश्न मिटला. नाही आला, तर तो ठोकळा त्या लढाईपुरता फिरतो आणि त्याच्याच धन्यावर तुटून पडतो. मी पहिल्यांदा या पत्त्याला सामोरा गेलो तेव्हा माझ्याकडे बारा ठोकळ्यांची फौज होती, समोर आठ, आणि मी चार चिन्हांचा कोबायाकावाचा ठोकळा मोठ्या थाटात खाली ठेवला. मेहुण्याने शांतपणे आव्हान टाकले आणि विचारले, “दाजी, दुसरा पत्ता आहे ना?” नव्हता. ती लढाई मी हरलो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या तीन आठवड्यांत (खेळात एकूण सात आठवडे असतात) जिंकण्यासारख्या लढायासुद्धा टाळत राहिलो.

प्रत्यक्ष इतिहासात हेच झाले होते आणि ते २१ ऑक्टोबर १६०० रोजी, सेकिगाहाराच्या डोंगरांनी वेढलेल्या अरुंद खोऱ्यात झाले. आदल्या रात्री भर पावसात मित्सुनारीने ओगाकीचा किल्ला सोडून सैन्य या खोऱ्यात आणले. सकाळी धुके एवढे दाट होते की आठच्या सुमारास ते विरळ होईपर्यंत लढाईला तोंड लागले नाही. नैर्ऋत्येच्या मात्सुओ डोंगरावर कोबायाकावा हिदेआकी सुमारे १५,००० माणसांनिशी बसला होता. तो खाली उतरला तो मित्सुनारीच्याच उजव्या बगलेवर. तिथे ओतानी योशित्सुगु होता, रोगाने शरीर पोखरलेला, डोळ्यांनी जवळजवळ अधू, पालखीतून सैन्य चालवणारा. कोबायाकावाचा भरवसा नाही हे ओळखूनच त्याने तिथे मोर्चा लावला होता आणि पहिले हल्ले त्याने परतवलेही. पण आसपासचे चार छोटे सरदारही फिरले आणि त्याचा निरुपाय झाला. त्याने रणातच प्राण दिला. दुपारी दोनच्या सुमारास सगळे संपले होते. इएयासुने डोंगराच्या दिशेने बंदुका झाडायला लावल्या आणि त्या आवाजाने कोबायाकावाचे मन ठरले, ही लोकप्रिय कथा आजचे अनेक अभ्यासक मानत नाहीत. तो प्रथमपासूनच फिरण्याच्या बेताने आला होता, असे त्यांचे म्हणणे.

खेळ हा प्रसंग हुबेहूब उभा करतो, यात शंका नाही. माझी तक्रार निराळी आहे. खेळात पत्ता हातात येणे वा न येणे हा गड्डीचा योग आहे. गड्डी पिसली, पत्ता आला नाही, नशीब. मित्सुनारीच्या हातात मात्र जे जे पत्ते नव्हते, त्यांतल्या प्रत्येकाच्या नसण्याला कारण होते, आणि ते कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात होते.

तो ओमी प्रांतातल्या इशिदा गावचा, जन्म १५६०. पुढे साऱ्या जपानचा सत्ताधीश झालेल्या तोयोतोमी हिदेयोशीच्या नजरेत तो कसा भरला याची एक आख्यायिका जपानमध्ये लहान मुलांनाही ठाऊक असते. शिकारीहून दमून आलेल्या हिदेयोशीने एका मठात चहा मागितला, तेव्हा सेवेतल्या या पोराने आधी मोठ्या पेल्यात कोमट, मग त्याहून लहान पेल्यात जरा गरम आणि तिसऱ्यांदा छोट्या पेल्यात कढत चहा आणून दिला. कथा पुढच्या काळात रचलेली दिसते, पण रचणाऱ्याने माणूस बरोबर ओळखला होता. मित्सुनारीची बुद्धी याच जातीची होती : कोणाला, केव्हा, किती. हिदेयोशीने देशभर जमिनीची मोजणी करवून प्रत्येक गावाचे उत्पन्न कोकुंमध्ये नोंदवले, त्या कामात तो आघाडीवर होता. लाखाच्या घरातल्या फौजांना दाणागोटा आणि जहाजे पुरवणे हे त्याचे काम होते. आणि शेवटी पाच मुख्य कारभाऱ्यांत त्याची नेमणूक झाली. तलवारीवर मोठी झालेली माणसे अशा कारभाऱ्यावर प्रेम करत नाहीत. त्यातून १५९० साली ओशीच्या किल्ल्याभोवती बांध घालून तो पाण्यात बुडवण्याचा प्रयत्न फसला. बांध फुटला, किल्ला पडलाच नाही, आणि मित्सुनारीला लढाईतले काही कळत नाही हा शिक्का कायमचा बसला. पाण्याचा हुकूम वरून हिदेयोशीचाच होता आणि हाताखालच्या लोकांना नुसते बसून राहण्याची सवय लागेल असे मित्सुनारीने पत्रात लिहिले होते, हे मागाहून कोणी लक्षात घेतले नाही.

मग कोरियाची स्वारी झाली. १५९२ ते १५९८ या काळात दोनदा सैन्य समुद्रापार गेले आणि हाती काही न लागता परतले. आघाडीवर उपाशीपोटी लढलेल्या कातो कियोमासा, कुरोदा नागामासा यांसारख्या सरदारांच्या मनात एकच सल राहिला की मागे बसलेल्या कारभाऱ्यांनी आपल्याविषयी वाईट अहवाल पाठवले. सैन्य परत आणण्याची व्यवस्था पाहायला मित्सुनारी हाकाता बंदरावर गेला तेव्हाची एक गोष्ट सांगतात. पुढे राजधानीत आपण तुम्हांला चहापानाला बोलावू, असे तो सौजन्याने म्हणाला, त्यावर कियोमासा उत्तरला की आमच्याकडे चहाही नाही आणि साकेही (तांदळाची दारू) नाही, आम्ही तुला हलक्या धान्याची पेज वाढू. हिदेयोशीच्या मृत्यूनंतर १५९९ साली वृद्ध सरदार माएदा तोशिइए वारला आणि त्याच्या वजनाने आवरलेले सात सेनानी लगेच मित्सुनारीच्या जिवावर उठले. त्या संकटातून मार्ग काढला तो इएयासुने, आणि मोबदल्यात मित्सुनारीला कारभार सोडून आपल्या सावायामाच्या किल्ल्यात परतावे लागले. (तो इएयासुच्याच घरात आश्रयाला गेला ही रंगतदार कथाही आता बाद झाली आहे, क्योतोजवळच्या फुशिमीत त्याचा स्वतःचा वाडा होता आणि तो तिथेच गेला.) हे सात जण नंतर इएयासुच्या बाजूने लढले. इएयासुच्या काळ्या ठोकळ्यांत त्या सातांपैकी एक असलेल्या फुकुशिमांचे चिन्ह पाहिले की मला नेहमी वाटते, हा ठोकळा खरे तर हिदेयोशीच्याच घरचा, आणि तो तिकडे गेला त्याचे अर्धे श्रेय मित्सुनारीचे आहे.

कोबायाकावाचेही तसेच. हिदेआकी हिदेयोशीच्या बायकोचा भाचा. १५९८ साली त्याची क्युशू बेटावरची मोठी जहागीर काढून त्याला एचिझेनमधल्या लहान जहागिरीवर धाडण्यात आले आणि जुन्या जहागिरीचा कारभार पाहायला माणूस नेमला तो मित्सुनारी. पुढच्याच वर्षी ती जहागीर त्याला परत मिळाली, आणि ती देण्यात इएयासुचा हात होता. विशीही न गाठलेल्या पोराने यातून कोणाचे उपकार लक्षात ठेवावेत हे सांगायला गड्डी पिसण्याची गरज नाही. खेळात मात्र कोबायाकावाचा पत्ता आणि खुद्द इशिदांचा पत्ता एकाच गड्डीतून, एकाच न्यायाने येतो.

याच्याशी जोडलेला दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो मला पंधराव्या डावापर्यंत दिसलाच नव्हता. खेळणाऱ्याला आपल्या हातातले पत्ते दिसतात. कोणता सरदार आज लढेल आणि कोणता नाही हे मला, म्हणजे सेनापतीला, लढाईपूर्वीच पक्के ठाऊक असते. अंधारात असतो तो शत्रू. सेकिगाहारात परिस्थिती बरोबर उलटी होती. लढाईच्या आदल्या दिवशी इएयासुच्या विश्वासू सरदारांनी कोबायाकावाच्या कारभाऱ्यांना आणि मोरींच्या घरातल्या किक्कावा हिरोइएला लेखी शपथा पोचवल्या होत्या. म्हणजे मित्सुनारीच्या हातात कोणते पत्ते आहेत हे मित्सुनारीपेक्षा इएयासुला अधिक माहीत होते. इएयासु त्या उन्हाळ्यात दिवसरात्र पत्रे लिहीत होता, सरदारामागून सरदाराला, आणि ती शंभराहून अधिक पत्रे हीच त्याची खरी मोहीम होती. खेळात पत्रे नाहीत. समोरच्याच्या हातातला एखादा पत्ता चोरून पाहण्याची, त्याच्या सरदाराला आधीच फोडून ठेवण्याची काही सोय असती तर काळ्या बाजूचे खरे सामर्थ्य कळले असते. आज दोन्ही बाजूंची फितुरी सारखीच आंधळी आहे. अर्थात तसे केले असते तर सोनेरी बाजूने खेळायला कोण बसले असते, हाही प्रश्न आहेच. मेहुणा म्हणतो की समतोल बिघडला असता. त्याचे बरोबर असावे.

मोरींच्या बाबतीत रचनाकाराने अधिक धिटाई दाखवली आहे. मोरींचे काही ठोकळे सुरुवातीला ओसाकात वेगळ्या चौकटीत थांबवून ठेवलेले असतात आणि ते मैदानात आणताना सोनेरी भिडूचा जीव मेटाकुटीला येतो. ही चौकट पाहून अनेकांना नियम विचित्र वाटेल, पण तो अगदी न्याय्य आहे. पश्चिमेकडील आघाडीचा नावाचा सरसेनापती मित्सुनारी नव्हताच. तो मान १२ लाख कोकुंच्या मोरी तेरुमोतोचा होता, आणि तेरुमोतो शेवटपर्यंत ओसाकाच्या किल्ल्यातून, हिदेयोशीचा सात वर्षांचा वारस मुलगा तोयोतोमी हिदेयोरी याच्या शेजारून, हलला नाही. त्याचा चुलतभाऊ हिदेमोतो सुमारे १५,००० माणसे घेऊन इएयासुच्या पिछाडीला नांगु डोंगरावर होता, पण त्याच्या वाटेत किक्कावा आडवा बसला आणि हलेना. शेजारच्या सरदारांनी निरोपांवर निरोप धाडले तेव्हा हिदेमोतोला आपली लाज झाकायला एवढेच सुचले की माझी माणसे आत्ता जेवायला बसली आहेत. ‘सरदारसाहेबांचा रिकामा डबा’ म्हणून हे जेवण जपानी इतिहासात अजरामर झाले. त्या रिकाम्या डब्याची किंमत मोरींना १२ लाखांची जहागीर दोन प्रांतांवर येण्यात मोजावी लागली.

पटावरचे भूगोलाचे भानही फार चांगले आहे. किल्ल्यात शिरलेले थोडेसे ठोकळे मोठ्या फौजेला अडकवून ठेवतात, आणि वेढ्यात अडकलेली फौज म्हणजे मोठ्या लढाईला मुकलेली फौज, हे सातच आठवड्यांच्या डावात पुन्हा पुन्हा जाणवते. प्रत्यक्षातही दोन्ही बाजू यामुळे हैराण झाल्या होत्या. इएयासुचा मुलगा हिदेतादा सुमारे ३८,००० माणसे घेऊन नाकासेंदोने निघाला, वाटेत उएदाच्या किल्ल्यावर सानादा मासायुकीने त्याला दिवसेंदिवस नाचवले आणि तो लढाई संपल्यावर पोचला. इकडे मित्सुनारीच्या बाजूचे सुमारे १५,००० लोक तानाबेच्या किल्ल्याभोवती होसोकावा युसाई या म्हाताऱ्या कवीला वेढून बसले होते. प्राचीन काव्यसंग्रहाच्या अर्थाची गुप्त परंपरा जाणणारा हा अखेरचा माणूस मरू नये म्हणून सम्राटाने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे वेढा उठला, पण ते सैन्य सेकिगाहाराला वेळेत पोचू शकले नाही. ओत्सुच्या किल्ल्याने तर आणखी हजारो लोकांना अडवून ठेवले आणि तो शरण आला तो नेमका लढाईच्याच दिवशी. आमच्या नवव्या डावात मेहुण्याने याच हव्यासापायी एका किल्ल्यापुढे पाच ठोकळे तीन आठवडे बसवले होते. त्या दिवशी मी जिंकलो.

एक गोष्ट खेळात नाही आणि ती असू शकतही नव्हती, असे मला वाटते : माणसाशी बोलण्याची रीत. शिमाझु योशिहिरो हा क्युशूचा नावाजलेला योद्धा जेमतेम दीड हजार माणसांसह मित्सुनारीच्या बाजूला उभा होता. लढाई ऐन भरात असताना पुढे सरकण्याचा निरोप घेऊन आलेल्या मित्सुनारीच्या जासुदाने घोड्यावरून न उतरताच तो सांगितला आणि शिमाझुंनी संतापून त्याला हाकलले, मग खुद्द मित्सुनारी आला तरी ते जागचे हलले नाहीत, असे परंपरा सांगते. सगळे हरल्यावर मात्र हेच शिमाझु शत्रूच्या मधूनच वाट फोडत निसटले आणि मोजके लोक घरी पोचले. ओतानीने तर मित्सुनारीला आधीच स्पष्ट सांगितले होते म्हणतात, की तुझे वागणे लोकांना उद्धट वाटते, तू मागे राहा आणि मोरी, उकिता यांना पुढे कर. एवढे सांगून, हरणार हे ठाऊक असून, तो त्याच्याच बाजूला आला. अशा मैत्रीचा पत्ता कोणत्याही गड्डीत घालता येणार नाही आणि रचनाकाराने तसा प्रयत्न केला नाही, हे उत्तम.

जिंकण्याच्या अटी नेमक्या आहेत. इएयासुचा ठोकळा पडला तर सोनेरी बाजू जिंकते. मित्सुनारीचा पडला, किंवा हिदेयोरी शत्रूच्या हाती लागला, तर काळी बाजू. यांपैकी काहीच न घडल्यास सातव्या आठवड्याच्या शेवटी किल्ले आणि मोक्याची ठाणी मोजून निकाल लागतो. आमचे बहुतेक डाव मोजणीवरच संपले, तीन तासांच्या आसपास. मित्सुनारीचा ठोकळा उठताच डाव तिथेच थांबणे खेळासाठी योग्यच आहे, पण तो मनुष्य लढाईनंतर सोळा दिवस जगला. इबुकी डोंगराच्या रानात तो लपला, ओमीतच, म्हणजे ज्या मुलखात जन्मला तिथेच, इएयासुच्या बाजूच्या तानाका योशिमासाच्या माणसांच्या हाती लागला, ओसाका, साकाई आणि क्योतोतून त्याची धिंड निघाली आणि ६ नोव्हेंबर १६०० रोजी क्योतोच्या नदीकाठी त्याचे डोके मारले गेले. वाटेत त्याने पाणी मागितले तेव्हा पहारेकऱ्याने वाळलेले तेंदूफळ पुढे केले, आणि ते प्रकृतीला बाधते म्हणून त्याने नाकारले, अशी कथा आहे. लोक हसले म्हणतात. शेवटपर्यंत हिशेबीच.

खेळ कोणी घ्यावा याबद्दल थोडेसे. ज्यांना युद्धखेळ म्हणजे पानोपानी तक्ते आणि बेरजा वाटतात, त्यांनी हा जरूर घ्यावा, कारण येथे तसे काही नाही. नियम इंग्रजीत आहेत, पण पत्त्यांवर वाचण्यासारखे जवळजवळ काही नसल्यामुळे एकाने समजावून सांगितले की बारा-तेरा वर्षांचे मूलही खेळू शकते. दोनच भिडू लागतात. तिसरा घरात असेल तर त्याला चहा करायला लावावे. नव्या माणसाला काळे ठोकळे द्यावेत, कारण सोनेरी बाजू उत्तरेतले उएसुगी, मधले इशिदा आणि ओसाकातले मोरी अशी तीन ठिकाणी विखुरलेली असते आणि तिला सांभाळून घेणारा मुरलेला भिडू लागतो. ज्यांना नशिबाचा राग येतो त्यांनी मात्र पैसे वाचवावेत. उत्तम फौज रचून हातात भलतेच पत्ते येण्याचा प्रसंग प्रत्येक डावात एकदा तरी येतो आणि त्यावर इलाज नाही.

आणखी एक. पत्ते पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या पाकिटांत घालावेत. मी आळस केला. निष्ठेच्या आव्हानाच्या धास्तीने मी कोबायाकावाचे पत्ते शेवटपर्यंत मुठीत धरून बसतो, त्यामुळे सतरा डावांत त्यांच्या कडा सर्वांत आधी पांढऱ्या पडल्या, आणि आता माझ्या हातात ते किती आहेत हे मेहुणा पाठीवरूनच ओळखतो.